पोटावरची पिशवी आणि भिंतीवरचा तक्ता

रहिमतपूरकरांनो, आजचा विषय जेवताना वाचण्यासारखा नाही. ताट बाजूला ठेवा, हात धुवा आणि मग वाचा. पण वाचा मात्र नक्की, कारण आपल्याकडे या विषयावर बोलणं झालं तर ते दार लावूनच होतं.

"त्यांना पिशवी बसवलीय." हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. त्यानंतर आवाज खाली जातो आणि विषय बदलतो. आतड्याचा किंवा गुदद्वाराचा कॅन्सर, आतड्याला पडलेलं भोक, अपघात, आतड्याला पडलेला पीळ, नाहीतर जन्मतःच शौचाची जागा नसलेलं बाळ. अशा वेळी सर्जन आतड्याचं एक टोक पोटाच्या कातडीवर आणून शिवतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी, लघवीसाठी केला तर युरोस्टॉमी. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी परत आत घेतात, काहींचा जन्मभर राहतो. या तोंडाला स्नायूंचा दरवाजा नसतो. म्हणजे मल कधी बाहेर येणार हे माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून पिशवी.

आपल्या भागातला पेशंट ऑपरेशनसाठी साताऱ्याला जातो, कराडला जातो, मिरजेला जातो, फारच झालं तर पुण्या-मुंबईला. ऑपरेशन बहुतेक वेळा चांगलं होतं. खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं ओळीने असतात आणि पिशवीबद्दल असलीच तर एखादी ओळ. घरच्यांना पिशवी लावायला कुणी शिकवलं, किती वेळ शिकवलं, हे त्या दिवशी वॉर्डात कोणत्या सिस्टर ड्युटीवर होत्या त्यावर ठरतं. सकाळच्या सिस्टर एक सांगतात, रात्रपाळीच्या दुसरंच. गावात आल्यावर तिसरा माणूस सांगतो की कातडी लाल झालीय ना, खोबरेल लावा. खोबरेल लावलेल्या कातडीवर पिशवीचा चिकट भाग धरतच नाही. पिशवी सुटते, मल कातडीवर पसरतो, कातडी आणखी सोलते, आणि सोललेल्या ओल्या कातडीवर तर पिशवी मुळीच बसत नाही. या चक्रात अडकलेला माणूस आधी लग्नाला जायचं सोडतो, मग एसटीत बसायचं सोडतो, मग देवळात जायचं, आणि शेवटी पोटभर खायचंही सोडतो. जेवढं कमी खाऊ तेवढं कमी बाहेर येईल, हा त्याचा साधा हिशेब असतो.

माझं म्हणणं असं आहे की हे नशिबावर सोडायचं कारण नाही. कोणती खूण दिसली की काय करायचं, हे ठरवून एका पानावर लिहिता येतं. जगात ते लिहिलं गेलंय. ते आपल्यापर्यंत मराठीत, वॉर्डाच्या भिंतीवर का आलं नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. बरंच मागं.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बद्धगुदोदर नावाच्या आजारावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. आतडं तुंबलं तर नाभीच्या खाली डावीकडे पोट उघडायचं, चार अंगुळं आतडं बाहेर काढायचं, अडकलेला खडा किंवा केस काढून टाकायचे, मध-तूप लावून आतडं जागेवर ठेवायचं आणि पोट शिवायचं. आतड्याला भोक पडलं असेल तर काळ्या मुंग्यांच्या चाव्याने ते मिटवायचं, हेही त्यात आहे. आता याला कुणी लगेच "बघा, कोलोस्टॉमी आमचीच" म्हणू नये. सुश्रुताने आतडं परत आत ठेवायला सांगितलंय, बाहेर ठेवायला नाही. पण पोट उघडून आतड्याला हात लावायची हिंमत या देशात जुनी आहे, एवढं मात्र खरं.

आतडं मुद्दाम बाहेर ठेवावं ही कल्पना लेखी मांडली ती १७१० साली फ्रान्समधल्या अलेक्सी लित्र यांनी. गुदद्वार बंद असलेल्या एका मेलेल्या तान्ह्या बाळाची तपासणी करताना त्यांच्या मनात आलं, की हे आतडं पोटावर आणलं असतं तर बाळ जगलं असतं. १७७६ मध्ये रूआं गावच्या पियोर नावाच्या सर्जनने आतडं तुंबलेल्या एका दारूच्या व्यापाऱ्यावर तसं ऑपरेशन केलं. ऑपरेशन लागू पडलं, पण आधी तुंबलेलं मोकळं व्हावं म्हणून त्याला भरपूर पारा पाजलेला होता. अठ्ठावीस दिवसांनी तो गेला, तो पाऱ्यामुळे आतडं कुजून. या रुग्णाच्या पोटावरच्या तोंडाला पिशवी नव्हती, पट्ट्याने बांधलेला स्पंज होता. म्हणजे पहिल्याच ऑपरेशनपासून प्रश्न दोन होते. एक आतड्याचा, तो सर्जनचा. दुसरा बाहेर येणाऱ्या मलाचा, तो कुणाचाच नाही. १७९३ मध्ये ब्रेस्टच्या द्युरे यांनी काही दिवसांच्या बाळावर कोलोस्टॉमी केली आणि तो मुलगा पंचेचाळीस वर्षं जगला. त्याने ती पंचेचाळीस वर्षं काय बांधून काढली असतील, कोण धूत असेल, याबद्दल वैद्यकीय इतिहास फारसं बोलत नाही.

पुढची दीडशे वर्षं सर्जरी धावत सुटली. भूल आली, जंतुनाशक आलं. १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचं ते मोठं ऑपरेशन मांडलं, ज्यात गुदद्वार कायमचं काढून टाकतात आणि पोटावर कायमची कोलोस्टॉमी येते. रुग्ण जगू लागले. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी इलिओस्टॉमीचं टोक बाहीची घडी उलटावी तसं उलटवून शिवायची पद्धत दिली. लहान आतड्याचा पाचक रस कातडीला अक्षरशः पचवतो, तो रस कातडीपासून दूर पिशवीत पडावा म्हणून हे उलटवलेलं टोक. आजही तसंच करतात.

पण पिशवी? चिंध्या, कापूस, पत्र्याचे डबे, रबराच्या जड पिशव्या. रबराला वास धरायचा, कातडी खाली कुजायची.

हा दुसरा प्रश्न सर्जननी सोडवला नाही. तो बायकांनी सोडवला, आणि त्यातल्या एकीच्या पोटावर स्वतःचाच स्टोमा होता. डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन नावाची नर्स होती. तिच्या बहिणीचं, थोराचं, ऑपरेशन झालं आणि पिशवी गळेल या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिझने कातडीला चिकटणारी, वापरून फेकून देता येणारी पिशवी कल्पिली. प्लास्टिकच्या एका कारखानदाराने ती बनवायला घेतली, तीही त्याच्या बायकोने गळ घातली म्हणून. बायको नर्स होती, तिला कळलं होतं. त्या पिशवीतून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली, जिच्या पिशव्या आज आपल्याकडच्या मेडिकल दुकानांतही मागवता येतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची, आणि तिचा धागा आपल्या डोंगरापर्यंत येतो. तिथले सर्जन रूपर्ट टर्नबुल यांच्या १९५२ च्या सुमारास लक्षात आलं की कवळी चिकटवायला वापरतात त्या कराया डिंकाची पूड ओल्या कातडीला चिकटते आणि तिला वाचवतेही. हा डिंक कुठून यायचा? मुख्यतः हिंदुस्थानातून. कांडोळ, पांढरूख, भुत्या अशी नावं असलेलं ते पांढऱ्या गुळगुळीत खोडाचं झाड, जे कोरड्या डोंगरावर चांदण्यात भुतासारखं दिसतं, त्याचाच हा डिंक. आपल्याकडच्या जंगलात गोळा व्हायचा, बोटीने परदेशी जायचा, तिथे स्टोमाच्या कडेची चकती व्हायचा. त्या झाडाच्या देशातल्या पेशंटला मात्र पुढे कित्येक वर्षं चिंधी आणि कापूसच. कच्चा माल आपला आणि पक्का माल त्यांचा, ही तक्रार फक्त कापसाची आणि साखरेचीच नाही.

याच टर्नबुलांची एक पेशंट नॉर्मा गिल. मोठ्या आतड्याच्या आजाराने ती मरता मरता वाचली होती आणि १९५४ मध्ये तिची इलिओस्टॉमी झाली. बरी झाल्यावर ती स्वतःहून दुसऱ्या पेशंटना शिकवू लागली. टर्नबुलांनी १९५८ मध्ये तिला क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये त्याच कामावर घेतलं. ती नर्स नव्हती, पदवी नव्हती. तिच्याजवळ स्वतःच्या पोटावर शिकलेलं ज्ञान होतं. १९६१ मध्ये दोघांनी त्याचं शिक्षण देणारी शाळा काढली आणि स्टोमा थेरपी हा नर्सिंगमधला वेगळा विषय झाला. १९७८ मध्ये त्याची जागतिक संघटनाही झाली.

आता आपल्याकडे या. मुंबईत टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं आणि कॅन्सरच्या ऑपरेशनबरोबर कायमची पिशवी असलेल्या माणसांची संख्याही तिथे वाढत गेली. सत्तरच्या दशकात मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. पिशवी असलेला जुना पेशंट नव्या पेशंटला भेटतो, शर्ट वर करून दाखवतो, "बघ, मी नोकरी करतो" म्हणतो, हे काम या संघटनेने केलं. टाटामध्ये स्टोमा क्लिनिक आहे, नर्सेससाठी खास अभ्यासक्रम आहे. म्हणजे महाराष्ट्रात ज्ञान नाही असं कुणी म्हणू नये. ज्ञान परळला आहे. परळपासून आपल्या गावापर्यंतची वाट हा प्रश्न आहे.

आणि नर्सिंगचं म्हणाल तर आपल्या बाजूला तरी त्याची परंपरा काल-परवाची नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं आणि पुढे नर्सिंगचं शिक्षणही तिथे सुरू झालं. पुणे-मिरज लाईनवर आपलं स्टेशन. "मिरजेला नेलं" हे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी मोठ्या आजाराचं दुसरं नावच होतं. त्या मिरजेच्या आणि नंतर सातारा-कराडच्या नर्सिंग शाळांतून तयार झालेल्या सिस्टर आज आपल्या दवाखान्यांतून काम करतात. त्यांच्या हाताला काही कमी नाही. त्यांच्या अभ्यासक्रमात स्टोमाची काळजी असते, प्रात्यक्षिकही असतं. पण छोट्या दवाखान्यात असा पेशंट येणार वर्षातून एखाद-दोनदा. एकदा शिकलेलं आणि सहा महिने न केलेलं कुणालाही नीट आठवत नाही. विमान रोज चालवणारा पायलटसुद्धा उडण्याआधी यादी हातात घेऊन वाचतो. त्यात त्याचा अपमान होत नाही.

इथेच तक्त्याचा विषय येतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनांच्या आणि स्टोमा नर्सेसच्या संघटनांनी मिळून ऑपरेशनआधी स्टोमाची जागा कशी ठरवायची याची लेखी पद्धत दिली. पुढच्याच वर्षी स्टोमाभोवतीच्या कातडीला गुण द्यायची पद्धत आली: रंग बदललाय का, कातडी सोललीय का, मांस वाढलंय का, या तिन्हींचे मिळून शून्य ते पंधरा गुण. २०१० मध्ये स्टोमाच्या काळजीचा टप्प्याटप्प्याचा निर्णय-तक्ता अनुभवी नर्सेसकडून तपासून घेऊन छापला गेला. कॅनडाच्या नर्सेसनी, जागतिक संघटनेने आपापल्या मार्गदर्शिका काढल्या, सुधारल्या.

ऐकायला भारी वाटतं, पण तक्ता म्हणजे काय? प्रश्न आणि बाण. स्टोमाचा रंग बघा. ओठाच्या आतल्या भागासारखा लालसर आणि ओला आहे? ठीक, पुढे जा. जांभळा, काळा पडलाय? थांबा, आत्ताच सर्जनना फोन. पिशवीच्या चकतीचं भोक मोजा. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त मोठं कापलं तर उघड्या कातडीवर मल बसणार, लहान कापलं तर स्टोमाला काचणार. ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर वेळी नव्याने मोजा, पहिल्या दिवशीचं माप वहीत लिहून तेच कापत बसू नका. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, तुडुंब भरायची वाट बघू नका, वजनाने सुटते. कातडी लाल आहे पण सोललेली नाही? भोकाचं माप तपासा. सोललेली आणि ओली आहे? स्टोमा पावडर टाका, जास्तीची झटका, मग पिशवी लावा. बारीक पुटकुळ्या आणि खाज? बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. नेमक्या चकतीच्या आकारात लाल झालंय? तो चिकट पदार्थ सोसत नाही, दुसऱ्या प्रकारची पिशवी बघा. इलिओस्टॉमी असेल आणि दिवसात दीड लिटरपेक्षा जास्त पातळ जातंय, तोंड कोरडं पडलंय, लघवी कमी झालीय? हा पेशंट वाळतोय. त्याला नुसतं भरपूर पाणी पाजून भागत नाही, मीठ-साखरेचं पाणी हवं आणि दवाखाना हवा.

यातली शेवटची ओळ जीव वाचवणारी आहे. "पाणी प्या" एवढंच सांगितलं तर लहान आतडं तुटलेल्या माणसाच्या अंगातलं मीठ आणखी निघून जातं. हे किती घरांत माहीत असेल?

एक गोष्ट मात्र उघड सांगायला हवी. जगातल्या या तक्त्यांपैकी काहींच्या मागे पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा आणि पुढाकार आहे. कातडीला गुण द्यायची पद्धत वर सांगितली ती कोलोप्लास्टची. त्याने ती खोटी ठरत नाही, नर्सेसना उपयोगी पडलीच आहे. पण कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक बाणाच्या टोकाला एक वस्तू विकत घ्यायची असते. पेस्ट घ्या, रिंग घ्या, पट्टा घ्या, स्प्रे घ्या. आल्याचा भाव पडलेल्या वर्षी आमच्या शेतकऱ्याने एवढं कुठून घ्यायचं? त्यामुळे तक्ता नुसता भाषांतर करून चालणार नाही. तो इथे, इथल्या सिस्टर आणि इथले पेशंट बसवून करायला हवा.

आणि असा तक्ता खेड्यातली बाई वापरू शकेल का, ही शंका कुणाला असेल तर त्याचं उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी शिकवली. कोणती लक्षणं एकत्र दिसली की जंतुसंसर्ग समजायचा, केव्हा औषध द्यायचं, हे ठरवून दिलेलं. एकोणचाळीस गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षी तिथलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा बासष्ट टक्क्यांनी कमी आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगाने त्याची नक्कल केली. ज्या दाईला आकडे मोजता येत नव्हते तिच्यासाठी त्यांनी मण्यांचं श्वास मोजायचं साधन केलं होतं. मणी सरकवायचे, लाल मणी आला की न्यूमोनिया. याहून साधा निर्णय-तक्ता कोणता?

आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा. आजारी बाळांसाठीच्या आयएमएनसीआयच्या पुस्तिका त्यांनी वापरल्यात. गुलाबी रकाना म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा, पिवळा म्हणजे इथेच औषध, हिरवा म्हणजे घरी काळजी. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त असेल तर जलद समजा. हे सगळं त्यांना पाठ आहे. म्हणजे रंगीत रकान्यांवरून निर्णय घेणं आपल्याकडे नवीन नाही. बाळाच्या न्यूमोनियाला रकाना मिळाला, पोटावरच्या पिशवीला मिळाला नाही, एवढाच फरक. कारणही सरळ आहे. न्यूमोनियाने बाळ दगावलं तर आकड्यात दिसतं. सोललेल्या कातडीने माणूस घरात कोंडून बसला तर कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

सिस्टर मंडळींची तक्रार मला माहीत आहे. "आणखी एक कागद!" एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असताना वर रजिस्टरं भरायची, त्यात हा तक्ता. तक्रार खरी आहे. म्हणूनच तक्ता भरायचा नको, बघायचा हवा. भिंतीवर लावलेला, मोठ्या अक्षरात, चित्रांसह, आणि त्याचीच छोटी प्रत डिस्चार्ज कार्डाला टाचलेली. दुसरी शंका अशी की तक्त्याने अनुभवी सिस्टरचं डोकं बांधलं जातं. तसं होऊ नये. वीस वर्षं काम केलेली सिस्टर रंग बघूनच ओळखते, तिला बाणांची गरज नाही. तक्ता तिच्यासाठी नाहीच, तो तिची सुट्टी असेल त्या दिवसासाठी आहे. आणि तिचं ज्ञान तिच्याबरोबर रिटायर होऊ नये यासाठी आहे.

तक्ता इथलाच हवा असं मी वर म्हटलं, त्याचं अजून एक कारण सांगतो. परदेशी पद्धतीत स्टोमाची जागा ठरवताना पेशंटला झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघतात. बसवून म्हणजे खुर्चीत. आपला माणूस जेवायला मांडी घालून बसतो, शौचाला उकिडवा बसतो, आल्याच्या रानात दिवसभर ओणवा असतो. उकिडवं बसल्यावर पोटाची घडी नेमकी कुठे पडते ते खुर्चीत बसवून कळत नाही. पट्ट्याची जागा टाळा, असं तिकडचा तक्ता सांगतो. आपल्याकडे परकराची नाडी आहे, नऊवारीचा ओचा आहे, धोतराची गाठ आहे, लेंग्याची नाडी आहे. नाडीखाली स्टोमा आला की ती बाई रोज, दिवसातून दहा वेळा त्या जागेवर गाठ आवळणार. माळकरी माणसाला विचारायला हवं की वारीला जाता का, कारण चालताना पिशवी रिकामी करायची सोय त्याने आधी आखायला हवी. तान्ह्या बाळाला पिशवी परवडत नसेल तर धुतलेल्या मऊ कापडाच्या घडीने कसं भागवायचं, किती वेळा बदलायचं, कातडीला काय लावायचं, हेही लिहायला हवं. हजारो आया ते करतच आहेत, कुणी त्यांना विचारून लिहून ठेवलं नाही इतकंच. रहिमतपूरच्या पाण्याच्या वेळा सांभाळून पिशवी कधी धुवायची, हासुद्धा एक रकाना होऊ शकतो. हसू नका, ज्याला ते करावं लागतं त्याला विचारा.

पैशाबद्दल थोडक्यात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं, आणि तिच्यामुळे गरिबाच्या ऑपरेशनचा मोठा भार उतरला. पण ऑपरेशन एकदा होतं आणि पिशवी दर चार-पाच दिवसांनी लागते. स्टोमाच्या साहित्यावरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार मोजलेत, त्यात कायमचा स्टोमा नाही. म्हणून त्या दाखल्याच्या सवलती नाहीत. नुसत्या तक्त्याने पिशवीचे पैसे येत नाहीत, हे मान्य. पण बरोबर मापात कापलेली पिशवी चार दिवस टिकते आणि चुकीची कापलेली दिवसात दोनदा सुटते. हिशेब तुम्हीच करा.

नगरपालिकेलाही एक सांगणं आहे. वापरलेली पिशवी रिकामी करून, वेगळी गुंडाळून, डायपरसारख्या कचऱ्यात द्यायची असते. घंटागाडीवरच्या माणसाला हे माहीत हवं, आणि त्याच्याकडे हातमोजे हवेत. पेशंट लाजेपोटी पिशवी ओढ्यात टाकतो किंवा रात्री परड्यात पुरतो, कारण ती गाडीत कशी द्यायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून म्हणेन. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनना आणि सिस्टरना हात जोडून एवढं विचारा: स्टोमाची जागा आधी खूण करून ठेवणार का? पेशंटला झोपवून, उभं करून, मांडी घालून, उकिडवं बसवून बघा. त्याची नाडी कुठे बांधतो ते बघा. खूण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसते का बघा, कारण पुढे पिशवी त्यालाच बदलायची आहे, आणि पोट सुटलेल्या माणसाला बेंबीखालची जागा दिसत नाही. ही खूण करायला दहा-पंधरा मिनिटं आणि एक मार्कर पेन लागतो.

(आपल्या भागातले ज्या सिस्टर-ब्रदरना, डॉक्टरांना, किंवा ज्यांच्या स्वतःच्या पोटावर पिशवी आहे अशांना मराठी तक्त्याच्या कामात बसायचं असेल, त्यांनी मला निरोप द्यावा. पेशंटचं नाव कुठेही येणार नाही. चहा माझ्याकडून.)